शेपटीवरचा पिवळा ठिपका

वायरकाकूंना उंदरांचा लळा आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं ते त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवावं. अँब्युलन्सच्या आगारात एकोणीस वर्षं त्यांनी वायरिंगचं काम केलं आणि त्यातला निम्मा वेळ उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडण्यात गेला. बॉनेट उघडल्यावर आत लेंड्या दिसल्या की त्यांच्या तोंडून जे निघे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. लळा कसला डोंबलाचा. पण उंदीर नकोसा असणं वेगळं आणि त्याचे हाल हाल करणं वेगळं, एवढं त्यांना कळत होतं. आणि जे कळलं ते कोणाची भीडभाड न ठेवता बोलून टाकायची त्यांना खोड होती.

म्हणून नव्या साहेबांनी उंदरांसाठीच्या चिकट पुठ्ठ्यांचं खोकं त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा काकूंनी हातातली पक्कड खिशात टाकली, खोकं उचललं, साहेबांच्या केबिनपर्यंत चालत गेल्या आणि ते तिथल्या टेबलावर ठेवून परत आल्या. साहेब मागोमाग आले.

"बाई, हे काय?" साहेब वयानं पस्तिशीचे, सहा महिन्यांपूर्वीच मुख्य कचेरीतून इथं आलेले. मनासारखं झालं की 'काकू' म्हणत, बिनसलं की 'बाई'.

"तुमचं खोकं. चुकून माझ्याकडे आलं होतं."

"चुकून नाही आलं. प्रत्येक गाडीखाली दोन-दोन पुठ्ठे लावायचेत. दोन महिन्यांत उंदरांनी तीन गाड्या बंद पाडल्या. या काही सामानाच्या गाड्या नाहीत. उद्या कोणाचा जीव गेला तर उत्तर कोण देणार?"

आता साहेबांचं चुकत होतं का? अजिबात नाही. आगारात गाड्या नऊ, आणि फोन आल्यापासून दीड मिनिटात गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे असा तिथला नियम. स्टार्टरची एक वायर तुटली की दीड मिनिटाचे पंधरा होतात, आणि त्या पंधरा मिनिटांत माणूस असतो किंवा नसतो. हे काकूंना साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा नवराच अशा एका उशिरा आलेल्या गाडीची वाट बघत गेला होता. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत आणि इथंही नाही बोलल्या.

"उत्तर मी देईन," त्या म्हणाल्या. "मला एक महिना द्या. विष नाही, हे पुठ्ठे नाहीत. महिन्यात उंदरामुळे एक जरी गाडी अडली, तर हे पुठ्ठे मीच लावीन. कोणाला सांगावं लागणार नाही."

"चारचौघांसमोर बोलताय, काकू."

"म्हणून तर मोठ्यानं बोलतेय."

खोकं साहेबांच्या कपाटावर गेलं. तिथून ते काकूंच्या टेबलावरून बरोबर दिसायचं.

त्या पुठ्ठ्यांशी काकूंचं वैर जुनं होतं. घरी त्या आणि त्यांची थोरली नणंद, अशा दोघीच. नणंदेला त्या 'वन्सं' म्हणत. वन्संच्या जिभेला धार अशी की भाजी चिरायला सुरी नको, पण उंदीर दिसला की खुर्चीवर चढत. तीन वर्षांपूर्वी वन्संनी दुकानातून असाच एक पुठ्ठा आणून शेगडीमागं सरकवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा टाकायला गेल्या तर त्यावर उंदीर. चारही पाय गोंदात, पोट फुलतंय आणि बसतंय, डोळे टक्क उघडे. मागचा एक पाय त्यानं स्वतःच कुरतडला होता. वन्सं बघून गेल्या त्या थेट बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. काकूंनी फडकं टाकलं, हातोडी घेतली आणि एका घावात त्याला मोकळं केलं. मग दिवसभर त्यांना घास गेला नाही.

"वन्सं," त्या संध्याकाळी म्हणाल्या, "मारणं मला जमतं. रडवत ठेवणं जमत नाही. परत हा पुठ्ठा घरात आला तर एक तो राहील नाहीतर मी."

"अगं, मी तरी कुठं मुद्दाम केलं," वन्सं म्हणाल्या. त्या दिवसापासून काकू उंदरांच्या मागे लागल्या त्या अशा, की उंदरांनीही हात टेकावेत.

त्यांचं शास्त्र साधं होतं. जिथं पेन्सिल शिरते तिथं उंदीर शिरतो. त्या हातात पेन्सिल घेऊन घरभर गुडघ्यांवर रांगल्या. मोरीची जाळी, नळाच्या पाइपाभोवतीची फट, दाराखालची झिजलेली कड, सगळीकडे पेन्सिल घालून बघितली. जिथं गेली तिथं भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबून वरून सिमेंट थापलं. घासणी कुरतडायला उंदराचेही दात कचरतात. धान्य पत्र्याच्या डब्यात गेलं. वन्संना उशाशी बिस्किटं ठेवायची सवय होती, ती मोडताना मात्र घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी बिस्किटं डब्यात गेली आणि तिसऱ्या आठवड्यात एकही उंदीर न मारता घर उंदरांपासून मोकळं झालं.

"बोलावणं आपलंच असतं, वन्सं," काकू म्हणायच्या. "दार उघडं ठेवायचं, पान वाढायचं, आणि पाहुणा आला की त्याला गोंदात चिकटवायचं. हा कुठला न्याय?"

आता तेच शास्त्र आगारात आलं. पहिल्या आठवड्यात काकूंनी नऊच्या नऊ गाड्यांखाली आडवं पडून पेन्सिल फिरवली. रोज सकाळी त्या गाड्यांभोवतीच्या फरशीवर पीठ भुरभुरायच्या आणि दुपारी त्यावरची पावलं बघून उंदीर कुठून कुठं जातो ते खडूनं आखायच्या. उभ्या गाडीचं बॉनेट उघडं ठेवायचं असा हुकूम त्यांनी काढला, कारण उंदराला ऊबदार अंधार लागतो, आणि उजेड-वारा लागला की तो दुसरं घर शोधतो. ड्रायव्हरांनी कुरकुर केली. त्यातला एक ड्रायव्हर गाडीत बसून दिवसभर शेंगदाणे खायचा. सगळे त्याला शेंगदाणेच म्हणत. काकूंनी त्याच्या सीटखालून वाटीभर टरफलं काढली आणि त्याच्याच टोपीत भरून त्याला परत दिली.

"काकू, मी काय उंदीर आहे का?" शेंगदाणे म्हणाला.

"नाहीस. उंदीर स्वतःचं खाऊन झाल्यावर दुसऱ्याची गाडी बंद पाडतो. तू खाता खाताच पाडतोस."

तरीही जे उंदीर आत होते ते होतेच. त्यांच्यासाठी जाळीचे पिंजरे होते, आत शिरला की मागं दार पडणारे. पिंजरा लावायचा तर सकाळ-संध्याकाळ बघायचा, हा काकूंचा कायदा. नाहीतर उंदीर तहानेनं मरतो, आणि मग पुठ्ठ्यात आणि पिंजऱ्यात फरक तो काय. सापडलेला उंदीर त्या पिंजऱ्यासकट उचलायच्या, आगाराच्या मागच्या भिंतीतल्या लहान दारातून पलीकडे न्यायच्या आणि तिथल्या गवतात सोडायच्या. सोडण्याआधी एक काम करायच्या, आणि ते मात्र निव्वळ सवयीनं.

काकूंची जुनी पद्धत अशी, की त्यांनी कसलेल्या प्रत्येक नटावर आणि जोडलेल्या प्रत्येक वायरीवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका असायचा. ठिपका दिसला की समजायचं, हे काकूंनी पाहिलंय, याला त्या जबाबदार. दुसऱ्या कोणाच्या कामावर त्या ठिपका देत नसत आणि स्वतःचं काम ठिपक्याशिवाय सोडत नसत. तर पिंजऱ्याच्या जाळीतून शेपटी बाहेर आली की काकूंचा ब्रश आपोआप तिच्यावर टेकायचा. शेंगदाणे म्हणाला, "काकू, आता उंदरांचीही तपासणी पास?" काकू म्हणाल्या, "हो. तुझीच तेवढी राहिलीय."

पंचवीस दिवस एकही गाडी अडली नाही. साहेब येता-जाता पिठावरची पावलं बघायला लागले. एकदा तर त्यांनी विचारलंही, की घरच्या स्वयंपाकघरात पेन्सिल कुठली वापरायची, साधी चालते का. काकू घरी जाऊन वन्संना ते सांगताना इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

सव्विसाव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. एका शाळेतल्या बाईंच्या छातीत कळा येत होत्या. पाळी सहा नंबरच्या गाडीची. शेंगदाणेनं किल्ली फिरवली. नुसता 'टक' असा आवाज आला. त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा टक.

साहेब धावत बाहेर आले. आठ नंबरची गाडी पुढं काढायला सांगितली, पण ती आतल्या रांगेत अडकली होती, समोरच्या दोन हलवल्या तेव्हा निघाली. अकरा मिनिटं गेली. काकू त्या अकरा मिनिटांत फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांना नवऱ्याची चप्पल दिसत होती, दारात तशीच उलटी पडलेली.

गाडी गेल्यावर त्यांनी सहा नंबरचं बॉनेट पाहिलं. उघडं ठेवलेलं ते वाऱ्यानं आपटतं म्हणून कोणीतरी बंद करून टाकलं होतं. काकूंनी ते वर केलं. स्टार्टरकडे जाणारी वायर दोन ठिकाणी सोललेली, एका ठिकाणी तुटलेली. पंख्याच्या डबीत कांबळ्याचे धागे, कापूस, कागदाचे तुकडे, सगळं गोल रचून केलेलं घरटं. काकूंनी बोटानं ते जरा बाजूला केलं. आतून एक उंदीर उसळला, बॅटरीवर चढला आणि क्षणभर तिथंच थांबला. पाच ड्रायव्हर, दोन मदतनीस आणि साहेब, सगळे वाकून बघत होते. उंदराच्या शेपटीवर पिवळा ठिपका होता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सहा नंबरची गाडी आत जागा नसल्यानं पंधरा दिवस मागच्या भिंतीला लागून उभी राहत होती. त्याच भिंतीच्या पलीकडे, चाळीस पावलांवर, काकू रोज उंदीर सोडत होत्या. भिंत ही काकूंसाठी भिंत होती. उंदरासाठी ती काय होती, हे पेन्सिल घेऊन घरभर रांगणाऱ्या बाईला सुचलं नाही. आतले सगळे रस्ते बंद केले आणि बाहेर सोडलेल्यांना समोरच एक ऊबदार गाडी उभी करून ठेवली. अगदी निमंत्रण.

काकूंनी हॉस्पिटलात तीनदा फोन केला. दोनदा कोणी नीट सांगेना. तिसऱ्यांदा नर्स म्हणाली, बाई शुद्धीवर आहेत, बोलतायत, धोका टळलाय. काकू फोन ठेवून मागच्या नळावर गेल्या आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.

तिथून त्या थेट केबिनमध्ये गेल्या. ड्रायव्हर दाराशी जमलेच होते.

"साहेब, खोकं द्या."

साहेब खुर्चीतून उठले. "काकू, घाई नाही. उद्या बघू."

"शब्द उद्याचा नव्हता. गाडी अडली ती माझ्यामुळे. उंदीर मी सोडला, चुकीच्या जागी सोडला. उंदरानं उंदराचं काम केलं, माझं मला नीट करता आलं नाही. ते सगळ्यांनी ऐकावं म्हणून मोठ्यानं सांगतेय." त्यांनी कपाटावरचं खोकं स्वतःच खाली घेतलं. "आता हे मी लावते. पण लावणारी मी असले, तर उचलणारे तुम्ही. ज्यानं मागवलं त्यानं उचलायचं. एवढंच माझं म्हणणं."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. दारात सात माणसं उभी असताना दुसरं काय म्हणणार.

काकूंनी अठरा पुठ्ठे लावले. एकाही पुठ्ठ्यावर त्यांनी पिवळा ठिपका दिला नाही. घरी गेल्यावर वन्संनी चेहरा बघूनच ओळखलं. त्यांनी ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच नंबरच्या गाडीखालच्या पुठ्ठ्यावर एक उंदीर होता. लहानसा, अजून पुरता वाढलेला नसावा. शेजारच्या पुठ्ठ्यावर एक पाल होती, तिनं तर वायर कधी कुरतडली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी. पाल मेलेली होती. उंदीर जिवंत होता आणि बारीक आवाजात ओरडत होता.

काकूंनी पुठ्ठा दोन हातांत धरला, अंगण ओलांडलं आणि तो साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. मग खिशातून पाना काढून त्याच्या बाजूला ठेवला.

"हे काय?" साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

"तुमचा उंदीर. उचला म्हणजे झालं."

"अहो, टाकून द्या ना कचऱ्यात."

"जिवंत आहे. कचऱ्यात टाकला तर परवापर्यंत जिवंत राहील. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं, म्हणून सांगते."

"मग... मारून टाका."

"तुम्ही मारा. डोक्यावर, एकच घाव, जोरात. हात थरथरला तर दुसरा घालावा लागतो, म्हणून थरथरू द्यायचा नाही. मी मारलाय एकदा, मला माहीत आहे."

साहेबांनी पाना हातात घेतला. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, की त्यांनी तो घेतला. उंदरानं मान वळवायचा प्रयत्न केला, गाल गोंदाला लागला आणि तिथंच राहिला. डोळा एक वर. साहेब त्या डोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाना खाली ठेवला, अगदी हळू, आवाज होऊ नये असा.

"काकू," ते म्हणाले, "याला सोडवता येतं का?"

"येतं. वेळ लागतो. गोडंतेल लागतं. आणि कोणालातरी उजेडाची बॅटरी धरावी लागते."

चहाच्या टपरीवरून वाटीत तेल आलं. काकूंनी उंदराच्या डोक्यावर फडक्याचा तुकडा टाकला म्हणजे तो घाबरून झटके मारणार नाही, आणि कापसाच्या बोळ्यानं एकेका पायाशी तेल सोडत गेल्या. साहेब बॅटरी धरून वाकले होते. मध्येच काकू म्हणाल्या, "वाटी द्या," आणि त्यांनी वाटी दिली. वीस मिनिटांनी उंदीर सुटला. तेलानं निथळणारा, केस चिकटलेला. काकूंनी त्याला कापडासकट डब्यात ठेवला.

"आता हा कुठं सोडणार?" साहेबांनी विचारलं.

"त्या भिंतीपलीकडे तर नक्कीच नाही."

मग त्या अंगणात गेल्या आणि उरलेले सगळे पुठ्ठे गोळा करायला लागल्या. साहेब दारात आले. "बाई, काढायची परवानगी कोणी दिली?"

"कोणीच नाही," काकू म्हणाल्या आणि पुढच्या गाडीखाली शिरल्या.

त्या दिवसापासून सापडलेला उंदीर डब्यात बसून जकातनाक्याच्या पुढं, नाल्यापलीकडच्या माळावर जायला लागला. तिकडं फेरी असलेला ड्रायव्हर त्याला न्यायचा. पण मुळात सापडायचेच कमी. गाडी भिंतीला लावायची नाही, हा नियम झाला. मागची अडगळीची जुनी खोली रिकामी करून तिच्या फटी बुजवल्या. मागच्या भिंतीवरून काकूंनी तीन दिवस पेन्सिल फिरवली आणि एकतीस भोकं मोजली. प्रत्येक भोकात तारेची घासणी, वर सिमेंट, आणि सिमेंटवर पिवळा ठिपका. सहा नंबरच्या बॉनेटवर त्यांनी खडूनं लिहिलं, 'बंद करणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे'. कोणी पुसलं नाही.

आठवड्यानं मेमो आला. वरिष्ठांची परवानगी नसताना पुठ्ठे काढले, वरिष्ठांच्या टेबलावर जिवंत प्राणी ठेवला, पुन्हा असं वर्तन घडल्यास कारवाई होईल. खाली साहेबांची सही, तारीख उंदीर सोडवला त्याच दिवसाची. काकूंनी तो दोनदा वाचला. सहीच्या बाजूला कागद बोटभर पारदर्शक झाला होता. त्या कोपऱ्याला तेलाचा वास येत होता.

वन्सं म्हणाल्या, "माफी लिहून दे आणि मोकळी हो. नोकरीची चार वर्षं राहिलीत."

"गाडी अडली त्याची माफी मी तिथल्या तिथं मागितली, वन्सं. याची नाही मागणार."

"मग त्या कागदाचं काय करणार आहेस?"

काकू दुसऱ्या दिवशी लवकर गेल्या. खोक्यात एक पुठ्ठा उरला होता, न सोललेला. त्यांनी त्याचा कागद काढला, पुठ्ठा आपल्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकला आणि त्यावर मेमो दाबून बसवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा. शेंगदाणे वाचून म्हणाला, "काकू, हा आता निघायचा नाही."

"न निघू दे," काकू म्हणाल्या. खिशातून रंगाची बाटली काढली आणि मेमोच्या खाली, सहीच्या बरोबर शेजारी, एक पिवळा ठिपका दिला. मग त्या चार नंबरच्या गाडीकडे वळल्या, कारण तिचा एक दिवा सकाळपासून मिचमिचत होता.